ताण आधी, टिचकी मागनं: मॉड्युलर सिंथवर चौंडकं शोधलं त्याची हकीकत

एकांकिका चाळीस मिनिटांची, त्यातला पाचेक मिनिटांचा एक तुकडा, आणि त्या तुकड्यासाठी एकच आवाज पाहिजे होता. त्याच्यामागं माझे अडीच महिने गेले. ते सगळं इथं आकड्यांसकट मांडतो, कारण मॉड्युलर सिंथ, म्हणजे आवाजाची सुटी-सुटी मॉड्यूल केबलनं जोडून वाजवायचं यंत्र, घेऊन बसलेली मराठी पोरं आता बेळगाव-निपाणी-कोल्हापूर पट्ट्यात बरीच दिसायला लागलीत आणि सगळ्यांची गाडी एकाच जागी अडकते असं मला दिसतं, केबल भरपूर, हलणाऱ्या गोष्टी भरपूर, पण आवाज कुणाचाच वाटत नाही. माझं पण तेच झालं होतं.

काम काय होतं

एकांकिका एका म्हाताऱ्या जोगतिणीवर. कर्नाटकात देवदासी सोडण्यावर बंदीचा कायदा १९८२ सालचा, ही बाई त्याच्या आधीची. आता लेकीच्या फ्लॅटमध्ये राहते, चौंडकं कधीच सुटलंय, पण तिला ते अजून ऐकू येतं. स्टेजवर ती एकटी, लाकडी फळ्यांवर चालते, थांबते, परत चालते, आणि तिच्या पावलाला तिच्या डोक्यातलं चौंडकं वाजतं. दिग्दर्शक म्हणाला, "मला चौंडकं नको, चौंडक्याची आठवण पाहिजे, आणि ती ताईंच्या पायाबरोबर आली पाहिजे." रेकॉर्डिंग लावून हे जमणारं नव्हतं. ताई, म्हणजे जोगतिणीचं काम करणाऱ्या नटी, रोज वेगळ्या लयीत चालायच्या, कधी हा तुकडा चार मिनिटांत संपायचा कधी सहा लागायची, आणि तेच बरोबर होतं, त्यांना क्लिकवर (यंत्राच्या ठरलेल्या ठोक्यावर) चालायला लावणं म्हणजे प्रसंगच मारून टाकणं.

चौंडकं बघितलं नसेल तर सांगतो. लाकडाचा पोकळ डबा, एका तोंडाला कातडं, दुसरं तोंड उघडं. कातड्याच्या मधोमध तार ओवलेली, तारेचं दुसरं टोक डाव्या मुठीत. डबा काखेत दाबायचा, उजव्या हातानं तार छेडायची, आणि डाव्या मुठीनं तार ओढत-सोडत स्वर वर-खाली करायचा. मार्गशीर्ष पुनवेच्या सौंदत्तीच्या यात्रेला, उदं गं आई उदंच्या गजरात, आमच्या भागातल्या बहुतेकांनी हा आवाज लहानपणीच ऐकलेला असतो. ट्यांव्-डुब, ट्यांव्-डुब. तार आणि कातडं एकाच मुठीच्या ताब्यात, हे मला तेव्हा माहीत होतं, पण त्याचा अर्थ कळलेला नव्हता.

माझ्याकडं युरोरॅकच्या, म्हणजे मॉड्यूलच्या एका प्रचलित मापाच्या, दोन ओळी, प्रत्येकी ८४ एचपी रुंद. एक एचपी म्हणजे ५.०८ मिमी, म्हणजे पेटी आतनं सव्वाचारशे मिमीच्या जरा वर. पेटी शहापूरच्या एका सुताराकडनं करून घेतली, मॉड्यूल बसवायच्या रेल उद्यमबागेत मित्राच्या शॉपमध्ये कापल्या. आणि हे यंत्र आपल्याकडं काल आलं असं कुणी समजू नका, अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइन संस्थेत १९६९ सालीच अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी मूग सिंथेसायझर उभा केला होता आणि तिथं आपल्या लोकांनी त्यावर काम केलं होतं. हे मला कळलं त्या दिवशी लय बरं वाटलं होतं, आपण काहीतरी परकं करतोय ही भावना गेली. ज्यांच्याकडं हार्डवेअर नाही त्यांनी व्हीसीव्ही रॅक हे कॉम्प्युटरवरचं सॉफ्टवेअर घ्यावं, त्याची साधी आवृत्ती फुकट आहे, खालचा सगळा पॅच, म्हणजे केबलींची जोडणी, त्यात होतो. मी पण पहिल्यांदा त्यातच बांधला, मेक नॉइज कंपनीच्या मॅथ्स या मॉड्यूलच्या जागी बेफॅको कंपनीचं रँपेज वापरून. दोन्ही मॉड्यूल सर्जच्या जुन्या स्लोप जनरेटरच्या घराण्यातली, म्हणजे व्होल्टेज ठरवलेल्या वेळात चढवणारी आणि उतरवणारी.

पहिले तीन आठवडे

पहिले तीन आठवडे मी व्हिडिओत बघितलेलं सगळं केलं. एक एलएफओ, म्हणजे हळू खाली-वर होणारा व्होल्टेज, पिचला (स्वराच्या उंचीला), दुसरा फिल्टरला (आवाजाची धार कापणाऱ्या मॉड्यूलला), तिसरा एलएफओ पहिल्याचा वेग बदलायला. नॉइजमधनं सँपल अँड होल्ड काढून (त्या क्षणाचा व्होल्टेज पकडून धरून) प्रत्येक ठोक्याला वेगळा व्होल्टेज. मग क्रेल पॅच, म्हणजे रँडम व्होल्टेज स्वरही ठरवतो आणि एन्व्हलप (आवाजाचा चढ-उतार) किती लांब चालणार तेही, एन्व्हलप संपला की तोच पुढचा रँडम मागवतो, आणि यंत्र स्वतःच रात्रभर बोलत बसतं. आवाज चांगला होता, खोटं कशाला बोलू, हेडफोन लावून तासभर ऐकत बसावं असा होता.

दिग्दर्शकानं डोळे मिटून दोन मिनिटं ऐकला आणि विचारलं, "हे कोण वाजवूलालाय रे?"

मी म्हटलं, "कोण नाही, आपोआप चाललंय."

"तेच ऐकू येतंय की."

त्या रात्री मी सगळ्या केबल काढल्या. खरं सांगायचं तर दोन दिवस रॅककडं बघितलं पण नाही.

मुठीकडं बघितलं तेव्हा

मग ओळखीनं कडोलीच्या बाजूच्या एका मावशींकडं गेलो. वय सत्तरच्या पुढं, चौंडकं आईकडनं आलेलं, डब्याचं लाकूड हात लागून लागून काळं आणि गुळगुळीत झालेलं. अंगणात बसून त्यांनी वाजवलं आणि मी मोबाईलवर २४० फ्रेमनं त्यांची डावी मूठ शूट केली, फक्त मूठ.

घरी येऊन फ्रेम एकेक पुढं सरकवत बघत बसलो. मुठीच्या गाठी पांढऱ्या होतात, मनगट बाहेरच्या बाजूला वळतं, तार ताठ होते, कातड्याचा मधला भाग इतकासा वर उचलला जातो, आणि त्याच्यानंतर उजवा हात तारेला लागतो. कधी २० फ्रेम आधी, कधी ३० फ्रेम आधी. २४० फ्रेमला एक सेकंद, म्हणजे ८० ते १२५ मिलिसेकंद आधीच ताण सुरू झालेला असतो. माझ्या सगळ्या पॅचमध्ये ट्रिगर (सुरू व्हायचा इशारा) आला की छेडणं आणि पिचचा एन्व्हलप एकाच क्षणी सुटत होते. कुठल्याच माणसाचा हात असा चालत नाही.

दुसऱ्यांदा गेलो तेव्हा मावशींना हेच विचारलं. त्या म्हणाल्या, "आधी ताण घ्यायचा बाळ, टिचकी मागनं. ताणलंच न्हाई तर आई कशी ऐकंल?" मग त्यांनी दोन प्रकार करून दाखवले. तार अर्धवट ढिली असताना छेडली आणि मग ओढली, स्वर खालनं वर चढला. "हे इचारनं हाय." मग तार पूर्ण ओढून छेडली आणि सोडली, स्वर वरनं खाली आला. "ही आईची वाणी." ओढणं तेच, मूठ तीच, फक्त टिचकी त्या ओढण्यात कुठं पडते त्यावर प्रश्न की उत्तर ते ठरतं. मी वहीत एवढं एकच वाक्य लिहून आणलं.

ताण म्हणजे एकच व्होल्टेज

त्यामुळं नवीन पॅचचा नियम एकच ठेवला, या सगळ्यात हलणारी गोष्ट एकच असेल आणि ती म्हणजे ताण. बाकी जे काय हलेल ते ताणामुळं हलेल, आपापल्या प्रमाणात. वेगळा एलएफओ नाही, वेगळा रँडम नाही.

ताण मॅथ्सच्या पहिल्या चॅनलवर घेतला. चढायला सुरुवातीला १८० मिलिसेकंद, उतरायला सव्वा सेकंदाच्या आसपास. इथं चढाचा आकार फार महत्त्वाचा आहे. तारेची फ्रिक्वेन्सी ताणाच्या वर्गमुळाप्रमाणं वाढते, म्हणजे स्वर एक सप्तक वर न्यायचा तर ताण चौपट करावा लागतो, दुप्पट ताणानं अर्धंच सप्तक मिळतं. आता हात सारख्या गतीनं ओढत गेला तर स्वर आधी झपकन चढतो आणि पुढं जाईल तसा जड होत जातो. युरोरॅकमध्ये एक व्होल्ट म्हणजे एक सप्तक, त्यामुळं पिचला जाणाऱ्या व्होल्टेजचा चढ तसाच पाहिजे, आधी उभा, मग वाकत जाणारा. मॅथ्सवर त्यासाठी आकाराचा नॉब डावीकडं, लॉगकडं न्यायचा. सरळ रेषेवर ठेवला की सायरन ऐकू येतो, उजवीकडं एक्स्पोनेन्शियलला नेला की कार्टूनमधला आवाज होतो, आणि डावीकडं साधारण दहा वाजताच्या जागी नेला तेव्हा पहिल्यांदा माझ्या अंगावर काटा आला. एक नॉब, तोही पाव फेरी.

मग हा ताण चार ठिकाणी वाटला.

पहिली जागा ऑसिलेटरचं, म्हणजे मूळ स्वर काढणाऱ्या मॉड्यूलचं, पिच. ताई गातात काळी चारमधनं, त्यामुळं ऑसिलेटर काळी चारला लावला, साधारण २०८ हर्ट्झ. बेळगाव म्हणजे रामभाऊ विजापुरे यांच्या हार्मोनियमचं गाव, इथं कुणालाही स्वर विचारा, काळी-पांढरीतच सांगणार, आणि मला पण तसंच सोपं जातं. सा पासून शुद्ध म पर्यंत चढ पाहिजे होता, पाच सेमीटोन. एक सेमीटोन ८३.३ मिलिव्होल्ट, पाच म्हणजे जेमतेम ०.४२ व्होल्ट. मॅथ्समधनं येतात आठ-दहा व्होल्ट. एकाच अॅटेन्युएटरनं (व्होल्टेज कमी करणाऱ्या नॉबनं) एवढं खाली आणायला गेलात तर नॉब केसभर हलला की पंचम ओलांडतो, म्हणून दोन अॅटेन्युएटर एकामागं एक लावा, पहिल्यानं दहाचे एक-दीड व्होल्ट करा, दुसऱ्यानं बारीक जुळवा. ही साधी गोष्ट कुणी सांगत नाही आणि पिच मॉड्युलेशन कायम भडक होतं त्याचं अर्धं कारण हेच असतं.

दुसरी जागा कातडं. डुब साठी वेगळा ऑसिलेटर घेतला नाही, फिल्टर पिंग केला. म्हणजे फिल्टरचा रेझोनन्स इतका वाढवायचा की तो स्वतः शिट्टी मारायच्या अगदी अलीकडं थांबतो, मग त्याच्या ऑडिओ इनपुटला बारीकसा ट्रिगर द्यायचा, की तो डुब करून वाजतो आणि विझतो. कातड्याची थाप यापेक्षा स्वस्तात आणि यापेक्षा चांगली मला तरी कुठं मिळाली नाही. कटऑफ, म्हणजे फिल्टर ज्या फ्रिक्वेन्सीवर वाजतो ती, १४० हर्ट्झच्या आसपास. आता तार ओढली की कातडंही ओढलं जातं, पण तारेएवढं नाही, म्हणून तोच ताण या फिल्टरला पावपट. दोन आवाज एका मुठीत आल्याची जाणीव होते ती इथं. मी ही एक केबल काढून आणि लावून दिग्दर्शकाला ऐकवली, त्याला मॉड्युलरमधलं काही कळत नाही, तरी लगेच म्हणाला, "आता एक वस्तू झाली, मघाशी दोन होत्या."

तिसरी जागा वेव्हफोल्डर, म्हणजे आवाजाची लाट दुमडणारं मॉड्यूल, ताण वाढेल तशी तारेची धार वाढावी म्हणून, अगदी थोडा. चौथी जागा उलटी. अॅटेन्युव्हर्टरचा नॉब मध्यावर असला की शून्य, उजवीकडं सरळ, डावीकडं उलटा, तर ताण उलटा करून लो पास गेटला (आवाज उघडणाऱ्या-मिटवणाऱ्या मॉड्यूलला) दिला, म्हणजे तार घट्ट असताना आवाज जरा बारीक आणि ढिली पडेल तसा भरून येतो. मावशींच्या चौंडक्यात मला असंच ऐकू आलं होतं. लो पास गेट व्हॅक्ट्रॉलचा घ्या. व्हॅक्ट्रॉलमध्ये एक दिवा आणि प्रकाशावर चालणारा रेझिस्टर एका डबीत बंद असतात, दिवा लागला की तो लगेच उघडतो पण विझल्यावर हळू मिटतो, आणि मिटताना आवाज कमीही होतो आणि मंदही होतो. छेडलेली तार अशीच मरते.

एका ठिकाणचा व्होल्टेज चार ठिकाणी नेताना पिचवाल्या केबलला साधा मल्टिपल (एका केबलचे अनेक फाटे करणारा) लावू नका, बफर्ड, म्हणजे प्रत्येक फाट्याला वेगळा जोर देणारा, लावा. एक किलोओहमच्या आउटपुटवर शंभर किलोओहमचा एक इनपुट जोडला की सुमारे एक टक्का व्होल्टेज पडतो, आणखी जोडाल तसा आणखी पडतो. एक टक्का म्हणजे एका सप्तकामागं १२ सेंट (शंभर सेंटचा एक सेमीटोन), आणि ताई सुरात गाणाऱ्या आहेत, त्यांना बारा सेंट लगेच टोचतात.

टिचकी कुठं पडते

आता मुख्य गोष्ट. टिचकीला ट्रिगर कुठनं द्यायचा? आधी मी मॅथ्सचं एंड ऑफ राइज वापरलं, म्हणजे ताण शिखरावर पोचला की टिचकी. चाललं, पण प्रत्येक वेळी स्वर वरनं खालीच यायचा. नुसतीच वाणी, विचारणं नाही.

उत्तर कंपॅरेटरमध्ये सापडलं. कंपॅरेटर दोन व्होल्टेज ताडून बघतो, एक दुसऱ्याच्या वर गेला की गेट (चालू झाल्याचा इशारा) देतो, बस एवढंच त्याचं काम. ताण एका बाजूला, हातानं ठेवलेला एक स्थिर व्होल्टेज दुसऱ्या बाजूला. स्थिर व्होल्टेज खाली ठेवला की ताण चढायला लागल्या-लागल्या टिचकी पडते आणि उरलेला चढ ऐकू येतो, स्वर वर जातो, प्रश्न. तोच वर ठेवला की टिचकी शिखराजवळ पडते आणि फक्त उतार ऐकू येतो, उत्तर. मधल्या जागी ठेवला की स्वर थोडा चढून मग उतरतो, हुंदक्यासारखा. एक नॉब फिरवला की विचारणं ते वाणी सगळा पट्टा हातात. मावशींनी अंगणात जे दोनदा करून दाखवलं ते इथं पाव फेरीत होतं हे बघितल्यावर मी रात्री दीड वाजता दिग्दर्शकाला फोन लावला होता.

एक अडचण आली, कधीकधी टिचकी दोनदा पडायची, टक-टक. ताणात बारीक नॉइज असला की उंबरठ्यावर तो खाली-वर होतो आणि कंपॅरेटर प्रत्येक वेळी गेट देतो. कंपॅरेटरच्या आधी अगदी थोडा स्ल्यू (व्होल्टेजचे झटके गुळगुळीत करणारा) लावला, थांबलं.

ताईंच्या पायाकडनं व्होल्टेज

फळीच्या खालच्या बाजूला पिएझोची चकती (धक्क्याचा व्होल्टेज करणारी) चिकटवली, ती डोएपफर कंपनीच्या ए-११९ मध्ये. हे मॉड्यूल बाहेरच्या सिग्नलला मोठं करतं, त्याच्या जोराचा व्होल्टेज देतं आणि ठराविक जोराच्या वर गेटही देतं. गेटनं ताण सुरू करायचा, आणि पाऊल किती जोरात पडलं ते सँपल अँड होल्डनं धरून ठेवून त्यानं एका व्हीसीएमार्फत (व्होल्टेजनं पातळी कमी-जास्त करणाऱ्या मॉड्यूलमार्फत) ताणाचीच उंची ठरवायची. म्हणजे हळू पाऊल, थोडा ताण, जोराचं पाऊल, मोठा ताण. व्हीसीए डीसी कपल्ड पाहिजे, नुसता ऑडिओचा असेल तर हळू व्होल्टेज त्यातनं जाणार नाही.

दोन दिवस सगळी पावलं सारखीच मोजली जात होती आणि मला कारण सापडेना. मग लक्षात आलं, गेट येतं तेव्हा पाऊल नुकतंच फळीला लागलेलं असतं, जोर अजून चढायचा असतो, आणि मी त्या क्षणी माप घेत होतो. गेट २० मिलिसेकंद उशिरा केलं आणि मग माप घेतलं, तेव्हा हळू-जोरात वेगळं कळायला लागलं. पण आता २० अधिक १८० अशी दोनशे मिलिसेकंदांची वाट झाली, आणि ताई म्हणाल्या, "मी पुढं जाते आणि ते माझ्या मागनं येतंय, कुणीतरी पाठलाग करतंय असं वाटतंय." चढ ९० मिलिसेकंदांवर आणला. मावशींच्या मुठीचा आकडा ८० ते १२५, तेच मी सुरुवातीला का धरलं नाही कोण जाणे, मोजून आणलेला आकडा वहीत पडून होता.

तालीम खासबागेत एका जुन्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर चालायची. पहिल्या दिवशी पिएझो जोडला, ताई अजून चहा पीत होत्या, फळीवर कुणीच नाही आणि चौंडकं सुरू. बारीक, एकसारखं, ट्यांव्-डुब ट्यांव्-डुब, थांबायचं नाव नाही. सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी ग्राउंड तपासलं, केबल बदलल्या, पिएझो बदलला. अर्ध्या तासानं खालचा आवाज थांबला आणि वरचा पण थांबला तेव्हा कळलं, खाली भिंतीला लागून पॉवरलूम, मागावर साडी चालू होती, प्रत्येक धोट्याच्या फेकीचा धक्का भिंतीतनं, जमिनीतनं, फळीतनं पिएझोपर्यंत येत होता. वडगाव-खासबाग-शहापूरमध्ये वाढलेल्या माणसाला मागाचा आवाज ऐकूच येत नाही इतका तो कानाचा भाग झालेला असतो, पिएझोला मात्र आला. फळ्यांच्या खाली ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबचे तुकडे कापून ठेवले आणि ए-११९ चा उंबरठा वर घेतला, मग पाऊल तेवढं उरलं.

प्रयोगाच्या हॉलमध्ये वेगळंच दुखणं. साउंडवाल्यांच्या मिक्सरला जोडल्या-जोडल्या ५० हर्ट्झचा हम्म, एवढा मोठा की डुब त्यात बुडून जाई. रॅक एका सॉकेटवर, मिक्सर लांबच्या दुसऱ्या सॉकेटवर, दोन्हींच्या अर्थिंगमधनं झालेलं वर्तुळ, म्हणजे ग्राउंड लूप. ट्रान्सफॉर्मरवाला डीआय बॉक्स (सिग्नल वेगळा करून पुढं देणारा) मध्ये घातला आणि ग्राउंड लिफ्ट केला, म्हणजे फक्त सिग्नलच्या केबलचं ग्राउंड तोडलं, हम्म गेला. कुणी हम्म घालवायला प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकतात, ते कधीच करू नका, ताई अनवाणी चालतात, जिवाशी खेळ आहे. आणि अॅनालॉग ऑसिलेटर गरम होईपर्यंत स्वर सरकत राहतो, म्हणून प्रयोगाच्या अर्धा तास आधी रॅक चालू आणि पहिल्या घंटेच्या अलीकडं काळी चार परत जुळवायची, हा नियम शेवटपर्यंत पाळला.

टिचकी नसलेला ताण

एक गोष्ट मी बांधली नव्हती, ती पॅचमधनं आली. व्हीसीएनं ताणाची उंची पावलाच्या जोरावर ठरते, आणि टिचकी ताण उंबरठा ओलांडेल तेव्हाच पडते. मग ताईंनी अगदी हलकं पाऊल टाकलं तर ताण उंबरठ्यापर्यंत पोचतच नाही आणि टिचकी पडत नाही. पहिल्यांदा हे झालं तेव्हा मी बिघाड समजून उंबरठा खाली करायला गेलो. पण मागं तुकडाभर एक बारीक सूर चालू होता, खालच्या सप्तकातली काळी चार, १०४ हर्ट्झ, आणि त्यालाही मी तोच ताण जरासा दिलेला होता. त्यामुळं ताईंनी हलकं पाऊल टाकलं की चौंडकं वाजायचं नाही पण तो सूर ताठ व्हायचा, इतकासा वर जायचा आणि परत खाली यायचा. मूठ वळली, तार ओढली गेली, आणि हात आलाच नाही.

दिग्दर्शक मागनं ओरडला, "हात लावू नको त्याला!"

तिथनं तो प्रसंग नव्यानं बसवला. ताई सुरुवातीला जोरात चालतात, चौंडकं लख्ख वाजतं, मी कंपॅरेटरचा नॉब खाली ठेवतो, सगळे प्रश्न. मधे-मधे नॉब वर, वाणी येते. लेकीचा फोन येऊन जातो त्यानंतर त्या जवळजवळ पाऊल न वाजवता चालतात, आणि शेवटचं मिनिटभर फक्त ताण, टिचकी एकही नाही. मी त्या मिनिटात रॅकला हात लावत नाही. बेळगावातल्या पहिल्या प्रयोगाला त्या मिनिटात हॉलमध्ये कुणी खोकलं पण नाही, आणि मला पहिल्या रांगेतल्या एका आजींची डावी मूठ मांडीवर आवळलेली दिसली.

जोरावरनं आठवलं, एका प्रयोगाला आयोजकांनी आयत्या वेळी स्टेजवर जाड गालिचा घातला आणि काढायला तयार होईनात. पिएझोला काही लागेचना. मी ए-११९ चा गेन जवळजवळ शेवटाला नेला, नॉइज वाढला, टक-टक परत सुरू झालं, स्ल्यू वाढवून कसंबसं भागवलं. तेव्हापासून फळ्या आम्ही आमच्याच नेतो, ट्यूबच्या तुकड्यांसकट.

मावशी तिसऱ्या प्रयोगाला आल्या. भाच्यानं दुचाकीवर आणलं, मागच्या रांगेत बसल्या. संपल्यावर आत आल्या, ताईंच्या तोंडावरनं हात फिरवला, मग माझ्या रॅकसमोर येऊन केबलींकडं बराच वेळ बघत राहिल्या. मी विचारलं, "कसं वाटलं, मावशी?"

"ताण बरोबर हाय," म्हणाल्या. मग जरा थांबून, "पण कातडं वलं हाय रं. पावसात असं बोलतंय. उनात धरायचं, न्हाईतर चुलीम्होरं धरायचं, मग वाजवायचं."

मी तिथंच हेडफोन काढून फिल्टरचा कटऑफ १४० वरनं हळूहळू वर न्यायला लागलो, रेझोनन्स थोडा कमी करून, डुब आखूड आणि कोरडी व्हावी म्हणून. त्या डोकं हलवत होत्या, अजून, अजून. १७० च्या आसपास त्यांनी हात वर केला. नॉबवर पेन्सिलनं खूण केली आहे, आता तिथंच असतो.

"आता वाळलं," म्हणाल्या.